ऑफिसातलं ‘शेअरिंग’ बंद पडलं? मेन कॉम्प्युटर बटण दाबून बंद करू नका, आधी हे बघा

रात्री लाइट गेली, पहाटे आली. सकाळी दूध संस्थेचं ऑफिस उघडलं, मेन कॉम्प्युटर सुरू झाला, पण शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बिलाचं फोल्डर काही उघडेना. बाहेर सभासद दहा दिवसांच्या बिलासाठी उभे. अशा वेळी घाईत कुणीतरी मेन कॉम्प्युटरचं बटण दाबून धरतं किंवा सरळ प्लग ओढतं. नेमकी हीच चूक महागात पडते. हिशोबाची फाइल उघडी असताना कॉम्प्युटर बंद पडला तर ती खराब होऊ शकते. मग एका तासाचं काम आठवड्यावर जातं.

गावोगावच्या दूध संस्था, सोसायट्या, पतसंस्था, सेवा केंद्रं, शाळा अशा ठिकाणी आता दोन-चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असतात. फाइली एकाच मेन कॉम्प्युटरवर असतात आणि बाकीचे तिथून उघडतात. यालाच आपण ‘शेअरिंग’ म्हणतो. हे काम विंडोजमधली ‘सर्व्हर’ नावाची सर्व्हिस करते. ती पडद्यामागे चालते, म्हणून दिसत नाही. ती अडकली तर कॉम्प्युटर चालू दिसतो, पण फाइल कुणाला देत नाही. अशा वेळी बऱ्याचदा फक्त तेवढी सर्व्हिस बंद करून चालू केली तरी भागतं.

आधी दुखणं कुठं आहे ते ओळखा

पहिलं, वायर आणि दिवे बघा. लाइट गेल्यावर राउटर किंवा स्विचचा प्लग सैल झालेला असतो. वायर लावलेल्या जागी दिवा लुकलुकत नसेल तर सर्व्हिसला हात लावून उपयोग नाही. वायफायवर असाल तर दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायला आहेत ना, ते बघा.

दुसरं, मेन कॉम्प्युटर झोपलेला नाही ना? ‘स्लीप’मध्ये गेलेला कॉम्प्युटर फाइल देत नाही. मेन कॉम्प्युटरचं स्लीप ‘नेव्हर’ करून ठेवावं.

तिसरं, राउटर बंद होऊन चालू झाला की तो कॉम्प्युटरला नवा आयपी नंबर देऊ शकतो. तुमचा शॉर्टकट जुन्या नंबरावर असेल तर तो उघडणार नाही. मेन कॉम्प्युटरवर काळी कमांड विंडो उघडून ‘आयपीकॉन्फिग’ असं इंग्रजीत टाइप केलं की आत्ताचा नंबर दिसतो. मेन कॉम्प्युटरचा नंबर राउटरमध्ये कायमचा बांधून घ्यावा, म्हणजे ही कटकट संपते.

चौथं, स्क्रीनवर काय येतंय ते वाचा. पासवर्ड मागत असेल किंवा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येत असेल तर मेन कॉम्प्युटर उत्तर देतोय. म्हणजे सर्व्हिस चालू आहे, अडचण पासवर्डची किंवा परवानगीची आहे. मेन कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणी बदलला का, ते आधी विचारा.

सर्व्हिस रीस्टार्ट कशी करायची?

वरचं सगळं ठीक असेल तरच इकडे वळा.

१. सगळ्यांना सांगा, ‘काम सेव्ह करा आणि फाइल बंद करा.’ मेन कॉम्प्युटरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडून ‘शेअर्ड फोल्डर्स’मध्ये ‘ओपन फाइल्स’ बघा. कुणाची कुठली फाइल उघडी आहे ते तिथं दिसतं. सर्व्हिस थांबली की सगळ्यांचं कनेक्शन एकदम तुटतं. शेअर केलेल्या प्रिंटरवर छपाई चालू असेल तर तीही पुरी होऊ द्या.

२. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा.

३. यादीत ‘सर्व्हर’ हे नाव शोधा. त्यावर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ करा. हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनमधूनच होतं. तिथं ‘स्टार्टअप टाइप’ ‘ऑटोमॅटिक’ आहे ना, तेही बघा. नसेल तर दर वेळी कॉम्प्युटर चालू केला की हीच अडचण येईल.

४. फोल्डर उघडतं, पण ‘नेटवर्क’मध्ये मेन कॉम्प्युटरचं नाव दिसत नाही, असं असेल तर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस चालू करा. नाव दिसण्याचं काम तिचं आहे.

तरीही जमलं नाही तर मेन कॉम्प्युटर स्टार्ट मेनूमधून ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नको. बऱ्याच कॉम्प्युटरवर ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं. त्यात शट डाउन करूनही विंडोजचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

काही ठिकाणी मेन मशीनवर लिनक्स असतं. तिथं हेच काम ‘सांबा’ करतं. ‘एसएमबीस्टेटस’ कमांडनं कुणाची फाइल उघडी आहे ते कळतं. उबुंटूवर ‘सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी’ या कमांडनं सर्व्हिस पुन्हा सुरू होते.

हे उपाय करू नका

मोबाइलवर व्हिडिओ बघून बरेच जण फायरवॉल बंद करतात, पासवर्ड काढून टाकतात किंवा ‘एसएमबी १’ चालू करतात. शेअरिंग लगेच चालू होतं, पण दार सताड उघडं राहतं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरस जगभरातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरला, तो याच जुन्या ‘एसएमबी १’मधल्या त्रुटीतून. फाइलींना कुलूप लावून तो पैसे मागत होता. त्यानंतर विंडोज १० आणि ११ मध्ये हा जुना प्रकार मुळातच बंद ठेवलेला असतो. तो बंदच राहू द्या.

फोनवरून कुणी अनोळखी माणूस ‘स्क्रीन द्या, करून देतो’ म्हणाला तर देऊ नका. त्या कॉम्प्युटरवर सभासदांचे खाते नंबर आणि आधारची माहिती असते.

शेवटचं म्हणजे, सर्व्हिस चालू झाली म्हणजे फाइल सुरक्षित झाली असं नाही. रोज संध्याकाळी हिशोबाच्या फोल्डरची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मेन कॉम्प्युटर, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर घ्या. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील आणि बिलाच्या दिवशी सभासदांना दारात ताटकळावं लागणार नाही.