तांबड्या भोपळ्याच्या बुंध्याची व वेलाची निगा

पेठ वडगावच्या परिसरात ऊस हे मुख्य पीक असले, तरी बांधाच्या कडेला किंवा परड्यात तांबड्या भोपळ्याचे दोन-चार वेल सहज पोसता येतात. मोठे फळ धरावयाचे असल्यास वेलावर एक-दोनच फळे ठेवितात. अशा वेळी सर्व अन्नपाणी एकाच बुंध्यातून जात असते. तो बिघडल्यास कित्येक आठवड्यांची मेहनत व पोसत आलेले फळ ही दोन्ही हातची जातात.

रोगाची ओळख

भर दुपारी पाने मलूल होऊन सायंकाळी टवटवीत झाली, तर ते बहुधा उन्हामुळे होय. सकाळीही वेल मान टाकून असेल, तर बुंधा तपासावा.

१. बुंध्यावर तपकिरी चट्टे, त्यांतून पाझरणारा तांबूस डिंक व पुढे काळे ठिपके दिसल्यास तो बुरशीजन्य डिंक्या रोग समजावा. तो बियांतून व पिकाच्या अवशेषांतूनही पसरतो.

२. खोड उभे चिरल्यावर आतील शिरा तपकिरी दिसल्यास तो मर रोग असण्याचा संभव असतो. ह्यावर उपाय नाही. वेल मुळासकट उपटून जाळावा व त्या जागी काही वर्षे काकडीवर्गीय पीक घेऊ नये.

३. खोडास छिद्र व बाहेर भुसा असल्यास आत अळी असते. धारदार चाकूने खोड उभे चिरून अळी काढावी व जखमेवर ओलसर माती लावावी.

४. तांबडे भुंगेरे कोवळी पाने खातात, तर त्यांच्या अळ्या जमिनीतील मुळे व बुंधा कुरतडतात. सकाळी भुंगेरे सुस्त असताना वेचून मारावेत. पूर्वी ह्यांवर बी. एच. सी. ची भुकटी धुरळीत असत. तिच्या वापरावर देशात १९९७ पासून बंदी आहे.

प्रतिबंधक उपाय

भारी काळ्या जमिनीत वेल वरंब्यावर लावावा व पाणी सरीतून द्यावे. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. फार दिवस ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिल्यास, अथवा नत्र अति झाल्यास, खोड व फळ तडकण्याचा धोका असतो. फळाखाली उसाचे कोरडे पाचट अंथरावे. फळ लहान असतानाच वेल अलगद सैल करून ठेवावा, म्हणजे ते फुगताना देठास ताण बसणार नाही.

सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे वेलाच्या पेरांवर भुसभुशीत माती चढविणे. तेथे नवी मुळे फुटतात व बुंधा दुबळा झाला तरी फळास आधार मिळतो. अमेरिकेत २०२३ साली हाफ मून बे येथील स्पर्धेत सुमारे १,२४७ किलो वजनाचा भोपळा आला. त्याची जात निराळी. परंतु असे भोपळे पिकविणारेही वेलाची पेरे मातीत दाबतात.

दक्षता

गंधकाची भुकटी काकडीवर्गीय पिकांस पोळते, म्हणून ती टाळावी. औषध लेबलावर ह्या पिकासाठी नमूद असलेलेच घ्यावे व सायंकाळी फवारावे. सकाळी उमललेल्या फुलांवर मधमाश्या असतात व त्यांच्यावाचून फळधारणा होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंस आठवड्यातून एकदा बुंधा पाहण्याची सवय लावावी. रोग प्रारंभीच ओळखला, तर वेल वाचविता येतो.