तीन कप्पे, मग नऊ

आमच्या शोकेसची काचेमागची उंची ४८ इंच. १९९३ साली तेवढीच होती आणि आजही तेवढीच आहे. तेव्हा आत दोन काचा होत्या आणि तीन कप्पे होते. या दिवाळीच्या आधी आठवी काच बसली आणि कप्पे नऊ झाले. या बत्तीस वर्षांत घर बदललं, कारखान्यांची नावं बदलली, आसपासची शेतं गेली. शोकेस मात्र तीच राहिली. प्रत्येक वाढीव काच कधी बसली आणि कशासाठी बसली, ते मला आजही सांगता येतं.

दादा टेल्कोत होते. रहाटणीत दोन गुंठ्यांवर त्यांनी चार खोल्या बांधल्या, तेव्हा गाव महापालिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती, पण मागच्या दारी ज्वारीच उभी असायची आणि रात्री पवनेच्या बाजूने गार वारा यायचा. हातात पैसा नव्हता, म्हणून शोकेस पेटीच्या लाकडाची झाली. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारवाल्यांकडे किलोवर मिळत. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली दिवाणं, देव्हारे, शोकेसा त्याच लाकडाच्या आहेत. आमची शोकेस केली ती दादांच्या मित्राने. ते फाउंड्रीत पॅटर्न बनवायचे. आम्ही त्यांना पॅटर्नवाले काका म्हणायचो.

पॅटर्न म्हणजे ओतायच्या भागाची लाकडी प्रतिकृती. ती वाळूत दाबून साचा करायचा, लाकूड काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. बीड थंड होताना शेकडा एक भाग आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. त्यासाठी काकांकडे एक वेगळी पोलादी पट्टी होती. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा. मला लहानपणी त्या पट्टीचं फार नवल वाटायचं: खोटं माप, आणि तरीही त्यातून अचूक वस्तू होते.

शोकेस रुंदीला ३६ इंच, काचा १० इंच खोल. पुढे दोन सरकत्या काचा. वरची खाच खोल आणि खालची उथळ, म्हणजे काच वर उचलली की तळ बाहेर येतो. काकांनी हे मला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवलं. "उद्या आत काही वाढवायचं झालं, तर दार काढता आलं पाहिजे," म्हणाले. वाढवायचं होणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून त्यांनी हव्या त्यापेक्षा जास्त भोकं पाडून ठेवली होती.

तीन कप्पे सोळा-सोळा इंचांचे. वरच्यात संगमरवरी ताजमहाल आणि दादांची कबड्डीची ढाल. मधल्यात कधीच न वापरलेला चहाचा सेट. खालच्यात काकांनी सागाच्या तुकड्यांतून कोरलेला ट्रक. वीस फुटाला एक फूट, या मापाने. दार उघडायचं नाही, चाकं मात्र फिरायची. ट्रक जेमतेम साडेपाच इंच उंच होता. त्याच्या डोक्यावर दहा इंच मोकळी हवा राहायची, आणि दुरून पाहिलं की तो एखाद्या मोठ्या मैदानात विसरून गेल्यासारखा दिसायचा.

वस्तूभोवतीच्या या हवेकडे पाहायला मला शिकवलं ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने. १९९५ च्या सुट्टीत काका त्यांच्या मुलांना आणि मला घेऊन गेले होते. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. सात वर्षांचा मुलगा राजा गेल्यावर सगळा संग्रह त्यांनी त्याच्या नावाने उभा केला आणि १९६२ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांवर, आणि एका वेळी मांडलेल्या सुमारे अडीच हजार. आम्ही मुलं वाद्यांकडे आणि मस्तानी महालाकडे धावलो. काका अडकित्त्यांपाशी थांबले. अडकित्ता वीतभरही नसतो. एकाला लागून दुसरा, त्याखाली तिसरा, असे मांडले की प्रत्येकाची मूठ वेगळी आहे हे डोळ्यांना कळतं. तोच एकटा मोठ्या कपाटात ठेवला असता तर नुसतं सुपारी कातरायचं हत्यार दिसलं असतं. घरी परतल्यावर काका दादांना म्हणाले, "आपल्या ट्रकला छप्पर खाली आणलं पाहिजे."

ते छप्पर यायला चार वर्षं गेली. ३० डिसेंबर १९९८ ला इंडिका बाजारात आली. त्या गाडीने आमच्या वस्तीत काय केलं, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. पिंपरीत तयार झालेली, इथल्या माणसांच्या हातून गेलेली मोटार रस्त्यावर दिसली की लहान मुलंसुद्धा नाव घेऊन ओरडायची. दादांनी माझ्यासाठी मागे ओढून सोडायची प्लास्टिकची छोटी इंडिका आणली, आणि ती ट्रकशेजारी न ठेवता ट्रकच्या वर ठेवायची असं मी ठरवलं. काका आले, पाणसळ लावली, सात इंचांवरच्या भोकांत पितळी पिना बसवल्या आणि पाच मिलिमीटरची काच सरकवली. काचेच्या मागच्या कडेला मधोमध त्यांनी एक आधाराची पट्टीही दिली. ही झाली तिसरी काच, चौथा कप्पा. ट्रक त्या दिवसापासून खरोखर ट्रक दिसायला लागला.

माझा संग्रह तिथून सुरू झाला. दुकानात मिळतील त्या बोटभर गाड्या, १:६४ मापाच्या. मॅचबॉक्सने अशा छोट्या धातूच्या गाड्या १९५३ पासून काढल्या, हॉट व्हील्स १९६८ पासून. त्या आकाराची उंची इंच-सव्वा इंच. पुढे पहिल्या पगारातून मी मोठ्या मापाकडे वळले, १:२४ आणि १:१८. आणि २००६ मध्ये, काकांना न विचारता, मी स्वतः एक काच वाढवली.

त्या प्रसंगावर मी सविस्तर लिहिते आहे, कारण शोकेसमध्ये फळी वाढवणाऱ्या प्रत्येकाकडून हीच चूक होते. मी रुंदी वरच्या टोकाला मोजली. चार मिलिमीटरची काच कापून आणली, कारण ती स्वस्त होती आणि हातात भक्कम वाटली. दोन्ही टोकांना मिळून चार पिना लावल्या, त्याही प्लास्टिकच्या, आणि मधे आधार दिलाच नाही. वर पाच किलोंच्या गाड्या ठेवल्या. काच मधोमध वाकलेली डोळ्यांना दिसत होती. मला वाटलं, काच थोडी वाकतेच. एप्रिलमधल्या एका रात्री दोनच्या सुमाराला ती पडली. खालच्या काचेने मार झेलला, पण चहाच्या सेटचे सहाही कप गेले. आईने तो सेट लग्नात मिळाल्यापासून एकदाही वापरला नव्हता. ती काही बोलली नाही. सकाळी तिने बश्या तेवढ्या पुसून परत लावल्या.

काका आले. त्यांनी मोडकी काच बाजूला ठेवली आणि शोकेसची रुंदी चार ठिकाणी मोजली. वर ३६, खाली ३६, मधे मात्र जवळजवळ पाव इंच जास्त. बारा-तेरा वर्षांत पाइनच्या फळ्या बाहेरच्या बाजूने फुगल्या होत्या. काचेची टोकं पिनांवर नखभरच टेकत होती. काच वाकली की तिची टोकं आत ओढली जातात. ती सुटली आणि पडली. "माप एका जागी घ्यायचं नसतं पोरी," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मला हिशेब समजावला, आणि तो मी आजतागायत वापरते. एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो. म्हणजे आमच्या मापाची चार मिलिमीटरची काच सव्वादोन किलोंच्या आसपास, आठची साडेचार. पण वरच्या ओझ्याने येणारा बाक जाडीच्या घनाने कमी होतो: जाडी दुप्पट केली की बाक आठवा हिस्सा. लांबीचं गणित त्याहून जबर आहे. मधे आधार देऊन अंतर निम्मं केलं की बाक सोळाव्या हिश्शाखाली जातो. म्हणून जाड काचेवर पैसे घालण्याआधी मधे एक आधार द्यावा, हे त्यांचं म्हणणं. शोकेसच्या पाठीला पातळ प्लाय होता, पिना धरणारा नव्हता. त्यांनी पाठीला मधोमध उभी सागवानी पट्टी ठोकली आणि प्रत्येक काचेला तिसरा टेकू त्या पट्टीतून दिला. नवी काच पाच मिलिमीटरची, कडा घासून घेतलेली, त्या उंचीवर मोजून कापलेली, दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर जागा सोडून. ती आजही तिथे आहे.

मी कडक काचेचा आग्रह धरला होता, तोही त्यांनी सोडवला. कडक काच आधी हव्या त्या मापाला कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात, आणि मग सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम गार करतात. त्यानंतर ती कापता येत नाही. मोटारीच्या बाजूच्या काचा अशाच असतात, म्हणून फुटल्या की त्यांचे दाणे होतात. चाकणजवळ कुरुळीत गाड्यांच्या काचांचा मोठा कारखाना आहे. तिथून जाताना मला दर वेळी आमची शोकेस आठवते. शोकेसला कडक काच चालते, चांगलीच. पण माप चुकलं तर ती फेकूनच द्यावी लागते, आणि कडक केल्याने तिचा बाक तसूभरही कमी होत नाही.

पुढची काही वर्षं भराभर गेली. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत नॅनो दाखवली गेली आणि दादांनी टीव्हीपुढची जागा सोडली नाही. २००७ मध्ये आकुर्डीत दुचाकी बनणं थांबलं. समोरच्या घरातल्या मामांची सगळी नोकरी तिथे गेली होती. त्यांनी त्यांच्या टेबलावरची पितळी चेतक आमच्या शोकेससाठी आणून दिली. ती आमच्याकडे ठेवावी असं त्यांना का वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. २०१४ मध्ये आम्ही कोकणे चौकाकडच्या फ्लॅटमध्ये आलो आणि पाचवी काच बसली. खास त्या चेतकसाठी पाच इंचांचा एक कप्पा झाला.

कप्पे वाढले तसा उजेड कमी पडू लागला. वरून लावलेला दिवा पहिल्या दोन काचांतून उतरतो आणि तिसऱ्यापर्यंत गाड्यांच्या सावल्यांत अडकतो. म्हणून एलईडीच्या पट्ट्या पुढच्या चौकटीच्या आतून उभ्या लावाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक कप्प्याला समोरून उजेड मिळतो. एक फळी मी ॲक्रिलिकची करून पाहिली. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, पण लवचीकपणा वीसपटीच्या वर, आणि ती नुसत्या भाराने महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू कायमची वाकते. शिवाय गाड्यांच्या मऊ टायरमधलं तेलकट द्रव्य ॲक्रिलिकमध्ये उतरलं आणि चार गाड्या चिकटून बसल्या. आता काचच.

२०२० च्या उन्हाळ्यात सगळे घरात अडकलेले असताना माझ्या एका मैत्रिणीने व्हिडिओवर तिचं आयकियाचं काचेचं कपाट दाखवलं. ते डेटॉल्फ जगभरच्या संग्राहकांकडे असतं: १६३ सेंटिमीटर उंच, आत चारच कप्पे. म्हणजे प्रत्येकी चाळीस सेंटिमीटर, आणि ठेवायच्या वस्तू सात-आठ सेंटिमीटरच्या. आमच्या १९९३ च्या शोकेसचं दुखणं तिथेही तेच. ते पाहून मी ड्रिल काढलं. काका तेव्हा सत्तरीपार होते, फोनच्या पडद्यावरून त्यांनी सगळं करून घेतलं. पाच मिलिमीटरचा बिट, त्याला दहा मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळायची म्हणजे भोक आरपार जात नाही. दोन भोकांत ३२ मिलिमीटरचं अंतर, फर्निचरच्या कारखान्यांत हेच ठरलेलं आहे. डाव्या बाजूची भोकं मोजून पाडायची, पण उजवीकडची मोजून नाही, एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर डावीकडची भोकं उतरवून ती पट्टी उजवीकडे लावायची. दोनदा मोजलं तर दोन चुका होतात, असं ते म्हणत. त्या एका दुपारी दोन काचा बसल्या, सहावी आणि सातवी. आठ कप्पे. बोटभर गाड्या तोंड पुढे करून लावल्या, एका रांगेत चोवीस.

काका २०२३ मध्ये गेले. काकूंनी त्यांच्या हत्यारांच्या पेटीतली ती पोलादी पट्टी माझ्याकडे दिली. काकांनीच तसं सांगून ठेवलं होतं.

या वर्षी आईने ट्रंक उघडली. तिची माहेरची पितळी भातुकली पन्नास वर्षं त्यात होती: चूल, बंब, परात, कळशी, जातं, पाटा-वरवंटा. सगळ्यात उंच बंब, तोही तीन इंचांचा. "माझ्यापण वस्तू लाव की तुझ्या गाड्यांत," ती म्हणाली. बत्तीस वर्षांत तिने त्या शोकेसमध्ये स्वतःसाठी मागितलेली ही पहिली जागा.

मी दार उचलून काढलं. वरून दुसऱ्या कप्प्यात साडेनऊ इंच जागा होती. त्यात साडेचारवर १९९३ सालचं एक रिकामं भोक सापडलं, काकांनी पाडून ठेवलेलं. रुंदी त्या उंचीवर मोजली आणि आकडा चिठ्ठीवर लिहिताना थांबले. हातात काकांची पट्टी होती. तिच्या मापाने काच कापायला दिली असती तर ती खऱ्या रुंदीला नऊ मिलिमीटर कमी पडली असती. चिठ्ठी फाडली, साध्या टेपने परत चार ठिकाणी मोजलं.

आठवी काच धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बसली. आईने भातुकली चिंचेने घासली आणि स्वतः मांडली, चूल डावीकडे, बंब उजवीकडे. मागच्या बाजूला, उभ्या पट्टीला टेकवून, तिने काकांची पोलादी पट्टी ठेवली. ती आडवी बरोबर मावली.