चाकांवरचं घर आणि पहाडी सफर

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात जॅस्पर ते लेक लुईस असा सुमारे 230 किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे. नाव आइसफील्ड्स पार्कवे. रॉकी पर्वतातल्या हिमनद्यांच्या पायथ्यापासून तो जातो. एडमंटनला स्थायिक झालेल्या भाईजानांसोबत गेल्या जुलैत आम्ही सात जण मोटरहोमने या रस्त्याने गेलो. झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं एकाच गाडीत.

मुक्काम हलवायचा दिवस कामाचा असतो. फजरनंतर लगेच तयारी सुरू झाली. विजेची तार आणि पाण्याचा पाइप काढायचा, सांडपाण्याच्या व संडासाच्या टाक्या ठरलेल्या जागी रिकाम्या करायच्या, गॅस बंद करायचा, कपाटांना खिट्ट्या लावायच्या. एक खिट्टी राहिली तरी पहिल्याच वळणावर भांडी खाली. ही यादी भाभी मोठ्याने वाचत आणि मुलं एकेक काम उरकत. मग सर्वांनी सफरची दुआ पढली.

टाकीतलं पाणी मोजकं असतं. अम्मींनी नळाखाली वजू न करता लोटा घेतला. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही नबी (स.) यांची शिकवण मुलांना त्या दिवशी वेगळी समजावून सांगावी लागली नाही. हलाल मटण एडमंटनहूनच गोठवून आणलं होतं. त्या शहरात 1938 साली अल-रशीद मशीद उभी राहिली, ती कॅनडातली पहिली मशीद. आजही तिथल्या मुस्लिम वस्तीचा आम्हांला असा आधार मिळतो.

दुपारी अथाबास्का हिमनदीपाशी पोहोचलो. बर्फ पूर्वी कुठवर होता, हे दाखवणाऱ्या वर्षांच्या पाट्या वाटेत लावल्या आहेत. सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे सरकली आहे. अब्बा आपल्या जन्मवर्षाच्या आसपासच्या पाटीजवळ बराच वेळ उभे होते.

तिथेच जोहरची वेळ झाली. नकाशा पाहून किब्ला आग्नेयेला असावा असं वाटतं, पण पृथ्वी गोल असल्याने मक्केची सर्वांत जवळची दिशा इथून उत्तरेकडे, जरा पूर्वेला झुकलेली आहे. आम्ही कोकणातले शाफई, म्हणून जोहर आणि असर दोन-दोन रकात एकत्र पढलो. भाभी मराठवाड्याच्या, हनफी. त्यांनी जोहरची कसर केली आणि असर पुढे तिच्या वेळेवर पढली.

नमाजनंतर पुतण्या निघायची घाई करू लागला. पुढे सनवाप्टा खिंड, म्हणजे कळसूबाईहूनही उंच जागा, आणि त्यानंतर मोठा उतार. पाऊस भुरभुरू लागला होता, भाईजानांचे डोळे जड झाले होते. लेक लुईसची जागा आधीच आरक्षित होती, म्हणून तेही म्हणाले, "चला, होईल." अब्बांनी चावी मागून खिशात ठेवली. "अल्लाहने मुसाफिराला नमाजमध्ये सवलत दिली आहे. तू स्वतःला तासाभराची झोप देत नाहीस?" भाईजान मागच्या पलंगावर जाऊन झोपले. या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. काही झालं तर मदत यायला वेळ लागतो.

दीड तासाने ते ताजेतवाने उठले तेव्हा पाऊसही थांबला होता. उतारावर त्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. जड गाडीचा वेग इंजिननेच आवरावा लागतो. मागे मोटारींची रांग झाली की मोकळ्या जागी थांबून त्यांना वाट द्यायची. पुढे एका वळणावर अस्वल दिसलं. आम्ही गाडीतूनच पाहिलं. अस्वलापासून 100 मीटर आणि हरणापासून 30 मीटर दूर राहावं, असा तिथला नियम आहे.

लेक लुईसला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, पण जुलैत तिथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो. मगरिबला अवकाश होता. खिमा गरम झाला, चहा झाला. खाण्याचा कणही बाहेर ठेवला नाही, कारण वासाने अस्वलं येतात.

घाट आपल्याकडेही आहेत, आणि "चला, होईल" म्हणणारे चालकही घरोघरी आहेत. अशा वेळी घरातल्या कुणीतरी चावी मागून घ्यावी, आणि चालवणाऱ्याने ती मुकाट्याने द्यावी.