नवा राजवाडा : वाघांच्या पलीकडे बघा



अंबाबाईचे दर्शन, बँकेचे काम, दवाखाना, गुळाचा बाजार अशा कारणांनी कोल्हापूरला आपले जाणे-येणे चालूच असते. सवड काढून बरेच जण नवा राजवाडाही बघून येतात. काय बघितलं म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं : "पेंढा भरलेले वाघ!" वाघ बघण्यासारखे आहेतच. पण ज्या इमारतीत ते उभे आहेत, ती बघायची राहून जाते.

भवानी मंडपाजवळचा तो जुना राजवाडा, म्हणून हा नवा. बांधकाम १८७७ ते १८८४ असे चालले. आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. १८८१ साली ते वारले. दोन्ही राजवाडे पुरे झालेले त्यांना बघायला मिळाले नाहीत.

बांधणीत गुजरात-राजस्थानकडील जैन व हिंदू कोरीवकाम, मुसलमानी धर्तीचे घुमट आणि आपली वाड्याची पद्धत यांचा मेळ आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा व त्यावर घड्याळ. दरबार हॉलमध्ये नक्षीदार कमानी आहेत. तेथील खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग चितारले आहेत. उजेड पडला की ते उजळून निघतात.

सगळ्यात मोलाचा मात्र दगड. विहीर खणताना पहार उसळवणारा आपला काळा पाषाण तोच हा. त्याचीच हजारो वर्षे झीज होऊन आपली काळी जमीन झाली. असा टणक दगड तासून-घासून गुळगुळीत करायचा आणि चिऱ्याला चिरा भिडवायचा, म्हणजे काय कष्ट असतील ते विहीर खणलेल्या माणसाला सांगायला नको. आराखडा करणाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक. छिन्नी धरणाऱ्या पाथरवटांची नावे कुठे दिसत नाहीत. भिंतीवर हात ठेवाल तेव्हा त्यांची आठवण करा.

तो काळही ध्यानात घ्या. काम सुरू झाले तेव्हा दख्खनवर १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ होता. गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, पण कारभार इंग्रजांच्या हाती. वेडाचा शिक्का मारून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. तिथेच डिसेंबर १८८३ मध्ये गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वाडा पुरा होत होता आणि धनी कैदेत गेला. ही गोष्ट ठाऊक असली, की दरबार हॉलमधले सिंहासन वेगळे दिसू लागते.

मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला, आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला काढले. तेही दगडाचेच काम. पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. भोगावती-पंचगंगेच्या काठचा आपला ऊस त्या पाण्यावर उभा आहे.

आज राजवाड्याचा काही भाग शहाजी छत्रपती म्युझियम आहे. शस्त्रे, पोशाख, हत्तीचा साज, शिकारीच्या वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत. वस्तूला काचेचे कपाट करता येते. जमिनीला ते करता येत नाही. राधानगरीचे पाणी पाटाने बेसुमार सोडून नदीकाठच्या जमिनी खारफुटीला लागल्या, हे आपण रोज बघतो आहोत. राजाने दगड रचून पाणी अडवले. ते मापाने देणे आपल्या हाती आहे.

पुढच्या खेपेला पोरांना घेऊन जा. वाघ दाखवा, मग भिंतीतला सांधा दाखवा. आणि जमलं तर एक दिवस राधानगरीलाही न्या. दोन्ही बघितली, तरच हा वाडा पुरा बघितला म्हणायचा.

— ऊस विकास अधिकारी