काळ्या पाषाणाखालचा खंड

शाहूपुरीत पाया खणला की आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा बेसाल्ट जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा. खरा खंड त्याच्याही खाली आहे आणि तो हाती लागला कोयनेत. भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल विंधण झाले. सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि मध्ये गाळाचा थरही न येता ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला.

त्याचे नाते कर्नाटकातल्या धारवाड क्षेत्राशी. असा खडक उघड्यावर पाहायचा तर बेळगावमार्गे अनमोड घाट गाठावा. तिथल्या पट्टिताश्माचे वय सुमारे 340 कोटी वर्षे मोजले गेले आहे.

प्रावरण वितळून असा खडक थेट मिळत नाही. मिळतो तो बेसाल्ट. पाणी मुरलेला हा बेसाल्ट खोल जाऊन पुन्हा थोडासा वितळला, तरच सिलिकाने समृद्ध, हलका शिलारस सुटतो. गुऱ्हाळाच्या काहिलीत मळी वर यावी तसा तो वर चढतो. फरक इतकाच, की इथे टाकाऊ ते तळाशी राहते. तळच्या अवशेषातले गार्नेट इटर्बियम धरून ठेवते, म्हणून या जुन्या खडकांत ते मूलद्रव्य फार कमी आढळते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खोलीचा इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो.

ही वाढ टप्प्याटप्प्याने झाली. धारवाडच्या पश्चिम भागाचा गाभा 340 ते 320 कोटी वर्षांपूर्वीचा, तर पूर्वेचा बराचसा भाग 270 ते 250 कोटी वर्षांपूर्वीचा. शेवटी क्लोजपेट ग्रॅनाइटची शेकडो किलोमीटर लांब पट्टी घुसली. ‘शोले’तले रामनगरचे कातळ तिचेच.

बेसाल्ट खोल गेला कसा, यावर मात्र वाद आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकला, हे उत्तर आज सर्रास दिले जाते. पण गार्नेट फक्त खोली सांगते, वाट सांगत नाही. तेव्हाचे प्रावरण आजच्यापेक्षा तप्त होते. जाड कवचाचा तळही जागच्या जागी वितळू शकला असता. उत्तरार्धातल्या टप्प्यासाठी भूपट्टाचा पुरावा बळकट आहे: त्या काळच्या काही खडकांत पाण्याने बदललेल्या प्रावरणाची छाप दिसते. 340 कोटींपर्यंत तेच चित्र मागे ताणणे घाईचे ठरेल.

शिवाय प्रत्येक ग्रॅनाइट म्हणजे नवी भर नव्हे. पोटॅशियमने समृद्ध असलेले अनेक ग्रॅनाइट जुनेच कवच वितळून झालेले आहेत. झिरकॉनच्या कणावरून खडक कधी गोठला ते कळते. त्यातला माल प्रावरणातून पहिल्यांदा कधी सुटला, याचा अंदाज निओडिमियमच्या समस्थानिकांवरून बांधावा लागतो.