दोन पाण्यांचा मासा

नदीच्या पाण्याला आपण मराठीत 'गोडं पाणी' म्हणतो, तर कन्नडमध्ये 'सिहिनीरु'. अर्थ एकच. समुद्राचं ते खारं पाणी म्हणजे 'उप्पुनीरु'. बसवकल्याणकरांना हे सगळे शब्द घरचे. समुद्र मात्र कुठूनही लांबच. समुद्र सोडून गोड्या पाण्यात राहायला गेलेल्या एका माशाची ही हकिगत आपल्यासारख्या दुभाषिक घरांनी जरूर वाचावी अशी आहे.

कोकणात या माशाला पाकट म्हणतात, कारवार-मंगळूरकडे कन्नडमध्ये 'तोरके'. भाकरीसारखं चपटं अंग, चाबकासारखी शेपटी आणि तिच्यावर करवतीसारखे दाते असलेला विषारी काटा. हा शार्कचा भाऊबंद. अंगात हाड म्हणून नाही. सांगाडा आपल्या कानासारख्या लवचिक कूर्चेचा. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली. वाळूत दडून बसल्यावर तोंडात गाळ जाऊ नये म्हणून डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून तो पाणी आत घेतो आणि खालच्या कल्ल्यांतून सोडतो.

बहुतेक पाकट समुद्रातच राहतात, पण काही नद्यांत शिरले. गंगेतल्या पाकटाची नोंद फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात केली आहे. टिपूच्या पाडावानंतर १८००-०१ मध्ये म्हैसूर आणि कानडा मुलूख पायाखाली घालणारे बुकानन साहेब ते हेच. आडनाव त्यांनी पुढे बदललं.

आता खरी गंमत. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. समुद्रही माशाच्या अंगातलं पाणी असंच ओढू पाहतो. त्यावर शार्क आणि पाकटांचा उपाय असा, की आपण लघवीवाटे टाकून देतो तो युरिया ते रक्तात साठवून ठेवतात. त्यामुळे आतबाहेरचा तोल राहतो. गोड्या पाण्यात सगळं उलट. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं पाणी अंगात शिरतं आणि मीठ बाहेर जाऊ लागतं.

दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या पाकटांचे पूर्वज लक्षावधी वर्षांपूर्वी समुद्रातून आले आणि तिथलेच झाले. १९६७ मध्ये थॉमस थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाकटांच्या रक्तात युरिया जवळजवळ नसल्याचं दाखवून दिलं. जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथीही आक्रसून गेली आहे. पाणी हळूहळू खारं करत नेलं तरी त्यांना युरिया साठवणं जमत नाही. समुद्राची वाट त्यांना कायमची बंद झाली.

आग्नेय आशियातल्या नद्यांत मात्र पांढऱ्या कडेचा एक पाकट आहे. तोही गोड्या पाण्यातलाच. पण सिंगापूरच्या संशोधकांनी त्याला मचूळ पाण्यात ठेवलं, तेव्हा तो पुन्हा युरिया साठवू लागला. जुनी विद्या त्याने टाकलेली नाही.

त्याच भागातला महाकाय पाकट तर नदीतही राहतो आणि खाडीतही दिसतो. जून २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत या जातीची ३०० किलोची मादी सापडली. लांबी जवळजवळ ४ मीटर! गोड्या पाण्यात नोंद झालेला हा सर्वांत मोठा मासा. 'बोरामी', म्हणजे पौर्णिमेचा चंद्र, असं नाव देऊन तिला पुन्हा नदीत सोडण्यात आलं.

सोडलं हे बरंच झालं, कारण पाकटाचा वंश सावकाश वाढतो. कटला-रोहूची मादी लाखांनी अंडी घालते. पाकटाची मादी पिल्लं पोटात वाढवते, त्यांना आतल्या आत दुधासारखा रस पाजते. महाकाय पाकटाला एका वेळी जेमतेम एक ते चार पिल्लं होतात. बेसुमार मासेमारी आणि धरणं यांपुढे असा जीव कसा टिकणार? ही जात आज धोक्यात आहे.

काट्याचंही सांगते. स्टीव्ह अर्विन २००६ मध्ये पाकटाच्या काट्यानेच गेला. पण पाकट आपणहून अंगावर येत नाही. पाय पडला की मारतो. सुट्टीत गोकर्णला, मालवणला जाल तेव्हा उथळ पाण्यात पाय वाळूत घासत चाला, म्हणजे तो आधीच पळतो. हाता-पायाला काटा लागलाच, तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात (सुमारे ४५ अंश) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावं. त्यानंतर दवाखाना गाठा. छातीत, पोटात रुतलेला काटा मात्र उपसू नका. थेट दवाखान्यात न्या.

हे वाचत असताना मला माझा नातू आठवत होता. आमच्या सूनबाई कन्नड माहेरच्या. बोलायला लागला तेव्हा तो माझ्याशी मराठी आणि अज्जीशी कन्नड असं न चुकता बोलायचा. आता इंग्रजी शाळेत जातो. आम्ही दोघी आपापल्या भाषेत विचारतो आणि तो इंग्रजी-हिंदीत उत्तर देतो. अॅमेझॉनच्या पाकटाची वाट बंद व्हायला लक्षावधी वर्षं लागली. घरातली भाषा दोन पिढ्यांत जाते.

पण सुटलेली भाषा माणसाला पुन्हा धरता येते, एवढं आपलं बरं आहे. येत्या सुट्टीत मुलांना मांजरेच्या किंवा कारंजाच्या काठी न्या. भोयाच्या टोपलीत जे मासे असतील त्यांची नावं मराठीत विचारा, कन्नडमध्येही विचारा. मुलांना वहीत लिहून घेऊ द्या. एखादं नाव अडलं, तर घरी आजी आणि अज्जी आहेतच.