दिव्याचा खटका कोणाच्या हाती?

भर दुपारी दिवा पेटलेली मोटारसायकल समोरून आली की पंजाची उघडझाप करून चालकाला खुणावण्याची रीत शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर जुनीच आहे. १ एप्रिल २०१७ पासून या खुणेचे प्रयोजन उरले नाही. तेव्हापासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबरच पेटू लागला आणि तो विझविण्याचा खटका नाहीसा झाला. अनेक नव्या मोटारगाड्यांतही अंधार पडताच दिवे आपोआप लागतात. मात्र ते बंद करण्याची मुभा पुष्कळ गाड्यांत चालकाला आहे. ही मुभा असावी काय, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

दुचाकीचा खटका काढण्यामागे अर्थशास्त्रातील एक साधे तत्त्व आहे. दिवा लावण्याचा अल्पसा खर्च चालकाचा असतो. वाहन दुरून दिसण्याचा लाभ मात्र रस्त्यावरील सर्वांचा असतो. खर्च एकाचा आणि लाभ अनेकांचा असला, की ती गोष्ट व्यक्तीच्या मर्जीवर सोडून पुरेशी घडत नाही. स्वीडनने १९७७ मध्येच दिवसाही दिवे लावण्याची सक्ती केली, ती याच विचाराने. तेव्हा मोटारींचाही खटका काढून घ्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु प्रकाशाचा उपद्रवही दुसऱ्यालाच होतो, हे येथे विसरून चालणार नाही.

शिवाय यंत्राची समज तोकडी आहे. पावसाळ्यात माळशेज घाटात दिवसाढवळ्या दाट धुके उतरते. काचेमागील प्रकाशमापक केवळ उजेड मोजतो. पांढऱ्या धुक्यात तो भरपूर असल्याने दिवे लागतीलच असे नाही. यंत्रावर विसंबलेली गाडी अशा वेळी मागच्या तांबड्या दिव्यावाचून घाटात शिरते. रात्रीची गोष्ट निराळी. काही गाड्यांत समोरच्या वाहनाचे दिवे ओळखून प्रखर झोत आपोआप खाली येतो. पण टोकावड्याच्या पुढे रस्त्याच्या कडेने पाड्याकडे निघालेली स्त्री किंवा आटगावला लोकलमधून उतरून अंधारात घर गाठणारा कामगार यांच्यापाशी दिवा नसतो. ज्याच्यापाशी दिवा नाही, त्याची दखल ही यंत्रणा घेईलच याची खात्री नाही. त्याचे डोळे दिपतात आणि पायाखालची वाट दिसेनाशी होते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दोन्ही बाजू ध्यानात घेतल्या आहेत. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही, दिवे लागलेच पाहिजेत. आणि झोताने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. गाडीत यंत्र बसविल्याने चालकाची ही जबाबदारी संपत नाही.

पावसाच्या तोंडावर मुंबईकरांच्या गाड्या शहापूर व कसारा घाट मागे टाकून भंडारदऱ्याकडे काजवे पाहावयास जातात. काजव्याचे लुकलुकणे ही जोडीदाराला दिलेली साद असते. मोटारीच्या झोतात ती लोपून जाते. रस्त्याबाहेर उभ्या केलेल्या गाडीचे दिवे मालविणे हाच तेथे शिष्टाचार होय. पण वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवले की पुष्कळ गाड्यांचे दिवेही चालूच राहतात, आणि ते कसे बंद करावेत हे खुद्द मालकाला ठाऊक नसते.

तात्पर्य, अंधारात चालत्या गाडीचे दिवे विझविण्याची मोकळीक कोणालाच नको. मात्र धुक्यात ते लावण्याचा, पादचारी दिसताच झोत खाली आणण्याचा आणि उभ्या गाडीचे दिवे मालविण्याचा अधिकार चालकापाशी राहिलाच पाहिजे. अधिकाराबरोबर ज्ञानही हवे. चालक-परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराकडून या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष करून घेतल्या, तर त्यासाठी पाच मिनिटेही लागणार नाहीत. अंधार यंत्राला कळतो. त्या अंधारात कोण चालत आहे, याची जाणीव माणसालाच ठेवावी लागेल.